आपलंच रक्त, त्यात वावगं काय?

काकांच्या बायपासमध्ये गेलेलं रक्त धुऊन त्यांनाच परत चढवलं, यावरून आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रण माजलंय. ‘आम्ही रक्त द्यायला हजर असताना सांडलेलं का घातलं? हा कंजूषपणा कशाला?’ असं चुलतभाऊ विचारतोय. वर म्हणतो, परदेशात असलं कोणी खपवून घेणार नाही. इथे माझं डोकं फिरलं. परदेशात मी ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुप्फुसांचं काम करणारं हार्ट-लंग मशीनच चालवते, आणि हे काम आम्ही राजरोस करतो.

‘सांडलेलं’ म्हणजे जमिनीवरून गोळा केलेलं नव्हे. उघड्या छातीतून रक्त ओढून घेतानाच त्यात हेपरिनसारखं, ते गोठू न देणारं औषध मिसळतं. मग ते गाळून सेल सेव्हरच्या, म्हणजे रक्त धुणाऱ्या यंत्राच्या, गरगर फिरणाऱ्या भांड्यात जातं. जड तांबड्या पेशी कडेला दाटतात आणि त्यांच्यातून सलाईन वाहतं. बाहेर जाणारी नळी आधी लालभडक, मग गुलाबी, मग स्वच्छ दिसते. माझी नजर त्या नळीवरच असते. ती स्वच्छ झाल्याशिवाय पेशी रुग्णाच्या पिशवीत जात नाहीत.

रक्तपेढीतल्या तांबड्या पेशी 42 दिवसांपर्यंत साठवलेल्या असू शकतात. या मात्र ताज्या, स्वतःच्या, दुसऱ्याच्या संसर्गाची भीती नसलेल्या. यात कसला आलाय कंजूषपणा?

ऑपरेशननंतर ड्रेनच्या, म्हणजे छातीतून रक्त बाहेर काढणाऱ्या नळीच्या, बाटलीत साठलेलं रक्त न धुता तसंच परत देणं मलाही मान्य नाही. त्यात फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन असतं, चरबी असते, दाह वाढवणारे घटक असतात. आणि धुण्यालाही मर्यादा आहे: धुताना प्लेटलेट आणि रक्त गोठवणारे घटकही निघून जातात. रक्तस्राव मोठा असला तर ते दात्याकडूनच घ्यावे लागतात.

म्हणजे माणसं लागतातच. भाऊ सकाळपासून रक्तपेढीबाहेर उभा होता, मी इथे दुसऱ्याच कोणाच्या तरी काकांचं मशीन सांभाळत होते. हे तंत्र मला इतकं जवळचं वाटतं, त्यामागे विज्ञान आहेच; पण त्याला नातेवाईक हाकेच्या अंतरावर लागत नाहीत, हेही आहे. भाऊ चिडलाय, कारण त्याला काकांसाठी काही देता आलं नाही. तसं चिडायचा हक्क तिथे राहून मिळतो. मी फक्त मुद्दे खोडते.

काकांवरचे उपचार योग्यच होते, हे मी ग्रुपवर पुन्हा लिहिणार आहे. पण आधी त्याला फोन करते.