‘सँक्शन’ म्हणजे बंदी नव्हे
‘बँकेच्या पत्रात सँक्शन्ड हा शब्द असल्यास कर्जावर बंदी आली असे समजावे’ हा यावल-रावेर भागात मोबाइलवर फिरणारा संदेश चुकीचा आहे. कायद्याने पक्के करणे अशा अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून आलेल्या या शब्दाला मान्यता आणि शिक्षा हे दोन्ही अर्थ चिकटले आहेत, आणि हा दुतोंडीपणा इंग्रजी नित्य वापरणाऱ्यांनाही अधूनमधून चकवतो. २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियावर आलेले ‘सँक्शन्स’ हे निर्बंधच होते. परंतु कर्ज, रजा किंवा पद ‘सँक्शन’ होते, तेव्हा ते मंजूर झालेले असते. केळीबागेच्या ठिबकसाठी आलेल्या पत्रात ‘सँक्शन्ड अमाउंट’पुढे छापलेला आकडा मंजूर रकमेचाच असतो, ती खात्यात जमा झाली, असा मात्र त्याचा अर्थ होत नाही.