झाओचे निसेको होईल का? एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

जपानच्या ईशान्येकडील तोहोकू विभागातील झाओसारखी स्कीक्षेत्रे परदेशी पाहुण्यांसमोर कशी मांडावीत, यावरील माझ्या लेखाला आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभार. आपला मुख्य आक्षेप असा, की ज्या जागेचे आकर्षणच ती फारशी कोणाला ठाऊक नसण्यात आहे, तिची जाहिरात करणे म्हणजे तिचा घात करणे. आणि पुरावा म्हणून आपण उत्तरेकडील होक्काइदो बेटावरच्या निसेकोकडे, म्हणजे परदेशी पाहुण्यांमुळे पार बदलून गेलेल्या स्कीगावाकडे, बोट दाखवले आहे. आपली भीती निराधार नाही. निदानाशी मात्र मी सहमत नाही.

प्रथम ‘आहे तसेच राहू द्या’ या सूचनेबद्दल. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये स्की करणाऱ्यांची संख्या पावणेदोन कोटींच्या पुढे गेली होती; पुढे ती एक तृतीयांशाहूनही खाली आली. तेजीच्या त्या काळात, विशेषतः पर्यटनस्थळांच्या उभारणीला उत्तेजन देणाऱ्या १९८७च्या रिसॉर्ट कायद्यानंतर, उभ्या राहिलेल्या लिफ्ट आज जुन्या झाल्या आहेत, आणि लिफ्टचा खर्च मोठा विचित्र असतो: दहा माणसे चढोत वा हजार, वीज, देखभाल आणि कर्मचारी जवळजवळ तेवढेच लागतात. त्यामुळे पाहुणे न आल्यास गाव जसेच्या तसे राहत नाही. आधी वरची लिफ्ट बंद होते, मग उतार बंद होतो, मग पाठोपाठ विश्रामगृहे. तोहोकूवर तर २०११च्या भूकंपाचा आणि फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेचा आघात होता. त्या नावाचे सावट शेकडो किलोमीटर दूर, तोहोकूच्या उत्तर टोकाला असलेल्या आओमोरी प्रांताच्या डोंगरांवरही पडले.

आता निसेको. तेथे २००० नंतर ऑस्ट्रेलियन मंडळी मोठ्या संख्येने येऊ लागली हे खरे. पण गावाचा चेहरा बदलला तो पाहुण्यांमुळे कमी आणि जमिनीच्या व्यवहारांमुळे अधिक. भाड्याने देण्यासाठी सदनिका बांधून त्या परदेशात विकायच्या, हा तेथला खरा धंदा झाला, आणि परदेशी माणसाने जमीन घेण्यावर जपानमध्ये सर्वसाधारण बंदी नाही. झाओ ओन्सेनची परिस्थिती या बाबतीत वेगळी आहे. ते जुने गरम झऱ्यांचे गाव आहे, स्कीक्षेत्र संरक्षित उद्यानाच्या हद्दीत येते, त्यामुळे बांधकामावर निर्बंध आहेत, आणि मुक्कामाच्या बऱ्याच जागा अजून स्थानिक कुटुंबांच्या हातात आहेत. त्या तशाच राहायच्या असतील, तर त्या चालल्या पाहिजेत; तोट्यातले विश्रामगृहच सर्वांत आधी विक्रीला निघते.

म्हणूनच माझ्या मते विपणनाचा पहिला प्रश्न ‘कोणाला बोलवायचे आणि केव्हा’ हा आहे. झाओचे जुह्यो, म्हणजे ते प्रसिद्ध ‘हिमराक्षस’, घ्या. जपानच्या समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यातील अतिशीत (शून्याखालीही न गोठलेले) जलकण फर या सूचिपर्णी झाडांवर आदळून गोठतात, त्यावर बर्फ चिकटत जाते आणि अखेरीस झाड दिसेनासे होते. हे काम सावकाश चालते. पूर्ण आकार साधारणपणे जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतच दिसतो. ऑस्ट्रेलियातील शाळांची मोठी सुट्टी डिसेंबर-जानेवारीत असते. त्या कुटुंबांना जुह्योचे छायाचित्र दाखवून नाताळात बोलावले, तर ती अर्धवट माखलेली झाडे पाहून परततील आणि तसे लिहितीलही. उलट चांद्र नववर्ष जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत केव्हातरी येते, आणि तैवानहून येणाऱ्या अनेकांना स्की करण्यापेक्षा बर्फ पाहण्यातच अधिक रस असतो. त्यांच्यासाठी रोपवेचे तिकीट आणि सायंकाळचे गरम पाण्याचे स्नान पुरेसे आहे. झाओ ज्या यामागाता प्रांतात आहे, त्याच प्रांतातील गास्सान हा डोंगर पाहा: तेथे हिवाळ्यात इतके बर्फ साठते की स्कीक्षेत्र उघडतेच एप्रिलमध्ये आणि जुलैपर्यंत चालते. ज्यांच्या देशातला हंगाम संपलेला आहे, अशा जाणकारांसाठी यासारखे दुसरे आमंत्रण नाही. पण तेथेही जानेवारीतल्या भुसभुशीत बर्फाची भाषा वापरली, तर फजितीच व्हायची.

दुसरी बाब जेवणाची. आपल्याला ती किरकोळ वाटली; मला ती जाहिरातफलकांपेक्षा महत्त्वाची वाटते. र्योकानचा, म्हणजे पारंपरिक जपानी विश्रामगृहाचा, दर एक रात्र आणि दोन वेळचे जेवण असा एकत्र असतो, आणि रात्रीचे जेवण ठरल्या वेळी, बहुधा सहा-सातच्या सुमारास मांडले जाते. एका रात्रीच्या पाहुण्यासाठी तो सोहळा असतो. सात रात्री राहणाऱ्या कुटुंबाला मात्र तिसऱ्या दिवशी साधा नूडल्सचा वाडगा हवा असतो, आणि तो मिळाला तरी न खाल्लेल्या भोजनाचे पैसे दरात मोजलेलेच असतात. मुक्काम आणि भोजन यांचे दर वेगळे केले, तर लांबचा पाहुणा जास्त दिवस राहू शकतो आणि गल्लीतल्या छोट्या उपाहारगृहांनाही गिऱ्हाईक मिळते. यामागाता स्थानकावरून झाओला चाळीस मिनिटांत नेणाऱ्या बसचे वेळापत्रक परदेशी माणसाला वाचता येणे, मोठ्या मापाचे बूट भाड्याने मिळणे, हीसुद्धा जाहिरातच आहे, फक्त ती छापावी लागत नाही.

आओमोरीतील हाक्कोदा या डोंगररांगेबाबत मात्र मी आपल्याच बाजूचा आहे. १९०२च्या जानेवारीत याच डोंगरात लष्कराच्या सरावावरील २१० जणांपैकी १९९ जण मृत्युमुखी पडले; आणि जवळच्या सुकायु येथे २०१३ मध्ये ५६६ सेंटिमीटर हिमथर नोंदला गेला. रोपवेने वर गेल्यावर आखीव उतार मोजकेच आहेत. तेथे गर्दी बोलावणे बेजबाबदारपणाचे ठरेल. वाटाड्यासह येणारे थोडे लोक, एवढेच तेथले उद्दिष्ट असावे.

राहता राहिला आपला शेवटचा प्रश्न: यातून गावाला काय मिळणार? निसेकोच्या परिसरातील कुत्चान नगरपालिकेने मुक्कामाच्या रकमेवर दोन टक्के कर बसवला तो नोव्हेंबर २०१९ मध्ये, म्हणजे परदेशी पाहुण्यांची रीघ लागून दीड दशक उलटून गेल्यावर. झाओमध्ये जुह्यो ज्यांच्यावर बनतात ती फरची झाडे गेल्या दशकात आधी पतंगांच्या अळ्यांनी आणि मग खोडकिड्यांनी मोठ्या प्रमाणावर वाळली आहेत, आणि त्या उंचीवर रोप वाढायला कित्येक दशके लागतात. परदेशी पाहुण्यांना बोलवायचेच, तर त्यांच्या मुक्कामातून या पुनर्लागवडीसाठी ठरावीक वाटा पहिल्याच हंगामापासून बाजूला काढावा, आणि तो कशासाठी घेतला हे खोलीच्या बिलावर त्यांच्याच भाषेत छापावे, अशी माझी सूचना आहे. तिच्याविषयी आपल्या प्रतिक्रियेत काहीच आले नाही. आपले मत वाचायला मला आवडेल.