आग विझली म्हणून लगेच ओले फडके घेऊ नका

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी घरांमध्ये मोबाइलवरून एक मजकूर पुढे पाठवला जात आहे. त्याचा आशय असा: पेटलेल्या तेलावर पाणी मारा, आग विझताच पंखे लावून धूर घालवा, फिनाइलच्या ओल्या फडक्याने भिंती पुसून घ्या, बंद डब्यांतले आणि पाकिटांतले सामान निर्धास्तपणे वापरा. यातला एकही सल्ला पाळण्याजोगा नाही.

पहिला तर जिवावर बेतणारा आहे. कढईतले तेल पेटते तेव्हा ते उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक तापलेले असते. त्यावर पडलेले पाणी तळाशी जाते, क्षणात त्याची वाफ होऊन ती सुमारे १,७०० पट फुगते आणि पेटते तेल छतापर्यंत उडवते. त्याऐवजी गॅस बंद करून कढईवर धातूचे झाकण बाजूने सरकवावे आणि कढई पूर्ण निवेपर्यंत ते उचलू नये.

पंख्यांचे म्हणाल, तर आगीत वायरींचे आवरण वितळलेले असते आणि विझवताना मारलेले पाणी भिंतीत मुरलेले असते. जाणकार वायरमनने तपासल्याशिवाय एकही बटण दाबू नये. गॅसचा वास येत असेल तर चालू असलेले बटण बंदही करू नये. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचून राहतो आणि त्याला एक ठिणगी पुरते. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे; आग लागलेली असेल तर ११२.

ओल्या फडक्याविषयी मी अनुभवाने लिहितो. खानापूर तालुक्यातल्या मावशीच्या स्वयंपाकघराला आग लागली, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी बादली भरून देणारा मीच होतो. मावशीने चुन्याच्या भिंतीवरून पहिला हात फिरवला आणि बोटांचे पाच काळे पट्टे उमटले. पुसू तितके ते पसरत गेले, खाली ओघळ आले, आणि पुढे दोनदा रंग देऊनही डाग वर येत राहिले. काजळी म्हणजे नुसती कोळशाची पूड नव्हे. तिच्यात तेलकट अंश असतो, आणि वायरी किंवा पीव्हीसीचे पाइप जळाले असतील तर आम्लही असते, जे ओलावा मिळताच भांडी आणि स्विचबोर्डाचे स्क्रू खाऊ लागते. म्हणून आधी कोरडी सफाई करावी: व्हॅक्यूम क्लीनरचे तोंड भिंतीला न घासता थोडे दूर धरून सुटी काजळी ओढून घ्यावी, मग कोरड्या स्पंजाने एकाच दिशेने टिपत जावे. त्यानंतरच कोमट साबणाच्या पाण्याने, थोडा थोडा भाग घेत, खालून वर धुवावे. वरून सुरुवात केली तर काळे ओघळ कोरड्या भिंतीत मुरतात. चुन्याची भिंत धुणे सोसत नाही. ती खरवडून पुन्हा चुना द्यावा लागतो. हे करताना हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि एन-९५ मास्क हवाच, रुमाल पुरत नाही. मुले आणि म्हातारी माणसे त्या घरात नकोत.

मात्र या सगळ्याच्या आधी फोटो काढून ठेवावेत. तलाठ्यांचा पंचनामा आणि विमा असल्यास कंपनीची पाहणी होण्यापूर्वी घर धुतले, तर नुकसानीचा पुरावा आपण आपल्याच हाताने पुसतो. आमच्याकडून ही चूक झाली.

बंद सामानाबाबत थोडक्यात सांगतो: प्लॅस्टिकच्या पाकिटातून धुराचे विषारी अंश आत शिरतात, उष्णतेने फुगलेले डबे आतून नासतात, आणि औषधे तापली की त्यांच्या गुणाचा भरवसा उरत नाही. जीव कितीही हळहळला तरी ते टाकूनच द्यावे.

त्या मजकुरात एक गोष्ट अजिबात नाही, आणि मला तिचीच सर्वाधिक काळजी वाटते. कापसाची गादी वरून विझलेली दिसली तरी आत कित्येक तास धुमसत राहते आणि रात्री पुन्हा पेटते. अशी गादी घराच्या कोपऱ्यात किंवा गवताच्या गंजीजवळ ठेवू नये. ती मोकळ्या अंगणात नेऊन, उसवून, आतला कापूस पसरून पूर्ण भिजवावा.