मागची खिडकी

दुपारी कोर्टातून आल्यापासून डोकं शांत होत नाहीये, म्हणून लिहितेय.

आज मावशीची साक्ष होती. रात्री एकटी असताना चोरटे घरात शिरले, तिला मारलं, गळ्यातलं-कानातलं ओरबाडून नेलं, त्याला आता चार वर्षं होतील. ती म्हणाली, मागच्या खिडकीचे गज वाकवून आत आले. आरोपीच्या वकिलांनी पंचनामा वाचून दाखवला: पुढच्या दाराची कडी तोडून प्रवेश. नंतर पंच उभा राहिला आणि म्हणाला, सही ठाण्यात बसून केली. मावशी नुसती माझ्याकडे बघत राहिली, जशी काही तीच खोटं बोलली.

पंचनामा लिहिणाऱ्या हवालदारावर माझा फारसा राग नाही. त्या आठवड्यात जत्रेचा बंदोबस्त होता, दोन रात्री तो झोपलेला नव्हता. राग आहे तो साहेबांवर. तिसऱ्या दिवशी डीवायएसपी, म्हणजे ठाण्याच्या वरचे पोलीस उपअधीक्षक, आले होते. मी तिथेच होते. अंगणात उभ्याउभ्या चहा घेतला, "आरोपी सुटणार नाहीत" म्हणाले. मावशी म्हणाली, साहेब, मागची खिडकी बघता का? "आमचे लोक बघतील." आणि गाडीत बसले. अंगणापासून ती खिडकी वीस पावलांवर आहे हो!

वरच्या अधिकाऱ्याला त्याच्या हद्दीत ठाणेदाराचे सगळे अधिकार कायद्यानेच दिलेत. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते 36 कलम होतं, तिच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 30. मग ते वापरा ना! केस डायरी मागवा, वाचा, पंचांना दोन प्रश्न विचारा, जागेवर जा. त्याऐवजी दर महिन्याच्या क्राइम मीटिंगमध्ये काय विचारतात? प्रलंबित किती, निर्गती किती. अशा गंभीर गुन्ह्यात 90 दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, म्हणून शेवटच्या आठवड्यात कागद जमवायचे. एकदा ते कोर्टात गेलं की साहेबांच्या लेखी गुन्हा संपला. आमचा तिथून सुरू होतो.

माणसं कमी आहेत, मान्य. पण तपास आणि बंदोबस्ताची माणसं वेगळी करा, हे सर्वोच्च न्यायालयाने 2006 सालीच सांगितलंय. शिवाय वीस पावलं चालायला जादा मनुष्यबळ लागत नाही. साहेबांनी ती खिडकी पाहिली असती तर त्याच दिवशी कळलं असतं की कागदावर दार लिहिलंय. पुरवणी पंचनामा झाला असता, गजांवरचे ठसे घेतले असते. एवढंच हवं होतं.

ते गज अजून वाकलेलेच आहेत. वेल्डरला बोलावते म्हटलं की मावशी म्हणते, राहू दे, कुणी बघायला आलं तर?

हे लिहिताना तिचाच फोन आला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी दारच म्हणायला हवं होतं का गं?"