टूलने भरलेला सेटअप ‘बरोबर’च असतो?

सीएफडी म्हणजे हवा-पाण्याचा प्रवाह कॉम्प्युटरवर गणिताने काढणं. त्याबद्दल इंजिनिअरिंगच्या पोरांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. ‘सीएफडीचा सेटअप शिकण्यात वेळ घालवू नका. टर्बो मोड आहे, वॉटरटाइट वर्कफ्लो आहे. भूमिती द्या, आरपीएम द्या, मेशपासून इंटरफेसपर्यंत सगळं टूल बरोबर भरतं. रेसिड्युअल खाली आले की रिपोर्ट लिहा.’ (टर्बो मोड आणि वॉटरटाइट वर्कफ्लो म्हणजे सॉफ्टवेअरमधले सेटअप भरून देणारे तयार मार्ग. मेश म्हणजे प्रवाहाच्या जागेचे केलेले छोटे तुकडे, म्हणजेच सेल. इंटरफेस म्हणजे फिरणारा आणि स्थिर भाग जोडणारी सीमा. रेसिड्युअल म्हणजे समीकरणांत उरलेली तफावत.)

वेळ वाचतो, हे शंभर टक्के मान्य. टर्बोग्रिड हे टूल पात्याभोवती जो हेक्सा (सहा बाजूंच्या सेलचा) मेश काढतं, तो हाताने काढायला मला कुणी पैसे दिले तरी मी बसणार नाही. पिरिऑडिक (म्हणजे एकसारख्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या भागांच्या) बाजू एकेक करून निवडण्याचे दिवसही गेले ते बरंच झालं. माझं भांडण आहे ते ‘बरोबर’ या शब्दाशी.

मेशचंच घ्या. फ्लुएंट या सीएफडी सॉफ्टवेअरच्या वॉटरटाइट वर्कफ्लोमध्ये भिंतीलगतचे थर डिफॉल्टने ‘स्मूथ ट्रान्झिशन’ पद्धतीने येतात. त्यांची जाडी पृष्ठभागावरच्या सेलच्या मापावरून ठरते. प्रवाहाचा वेग किती, द्रव पाणी की तेल, हे त्या हिशोबात कुठेच नाही. ते तुम्ही पुढच्या टप्प्यात सांगणार असता. आता १ मीटर लांबीची सपाट पट्टी आणि २० मीटर प्रति सेकंद वेगाची हवा धरा. वाय-प्लस (भिंतीपासूनचं एकक नसलेलं अंतर) १ हवं असेल तर पहिला बिंदू भिंतीपासून जेमतेम ०.०२ मिलिमीटरवर लागतो. वॉल फंक्शनवर, म्हणजे भिंतीलगतचा प्रवाह तयार सूत्राने धरून, भागवून ३० चालणार असेल तर तोच अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे जातो. यातलं काय हवं, हे टूलने कुणाला विचारायचं?

खरी गंमत इंटरफेसपाशी आहे. सहा पात्यांचा सेंट्रिफ्यूगल पंप घ्या. टर्बो मोडच्या सवयीने आपण इम्पेलरचा (पात्यांच्या फिरत्या चाकाचा) एकच पॅसेज, म्हणजे एका पात्यापुरता भाग, घेतो, ६० अंशांचा, आणि पुढे व्हॉल्यूटशी (भोवतालच्या शंखासारख्या स्थिर कवचाशी) ‘स्टेज’ इंटरफेसने जोडतो. स्टेज म्हणजे परिघावरची सरासरी काढून पलीकडे देणं. पंप डिझाइन फ्लोच्या आसपास चालत असेल तर हे बऱ्यापैकी खपतं, कारण तिथे व्हॉल्यूटमधला दाब परिघावर साधारण सारखा असतो. फ्लो कमी केला की तो सारखा राहत नाही. इम्पेलर एका बाजूला ढकलला जातो आणि तो भार शाफ्टवर, बेअरिंगवर येतो. हा रेडियल थ्रस्ट (आडवा धक्का) त्या मॉडेलमध्ये दिसणारच नाही. एकच पॅसेज सहा वेळा गोल फिरवून बेरीज केली की आडवं बल शून्यच येणार. सॉल्व्हर लाल अक्षरात काहीही ओरडत नाही. बेअरिंग निवडणाऱ्याला मात्र चुकीचा आकडा जातो.

मग पूर्ण इम्पेलर घेऊन ‘फ्रोझन रोटर’ लावा, असं कुणी म्हणेल. त्यात इम्पेलर एका कोनात गोठलेला असतो. पातं व्हॉल्यूटच्या टंगसमोर (कवचाच्या जिभेसारख्या टोकासमोर) आहे की दोन पात्यांमधली फट, यावर उत्तर बदलतं. वेळेनुसार खरंच फिरवायचं तर १४५० आरपीएमला एका अंशाची टाइम स्टेप ०.०००११५ सेकंदांची होते. तो रन संध्याकाळी लावून सकाळी चहाबरोबर बघण्यातला नसतो.

‘आरपीएम द्या’ हेही तितकं सरळ नाही. ओपनफोम या सॉफ्टवेअरच्या एमआरएफमध्ये (मेश न फिरवता फिरण्याचा परिणाम धरणाऱ्या पद्धतीत) ओमेगा, म्हणजे फिरण्याचा वेग, साधारणपणे रेडियन प्रति सेकंदात देतात. १४५० आरपीएम म्हणजे सुमारे १५२. तिथे कुणी नुसतंच १४५० टाकलं तर पंप जवळजवळ १३,८०० आरपीएमने फिरतो, आणि निमूटपणे फिरतो. ओपनफोमच्या असंपीड्य (घनता बदलत नाही असं धरणाऱ्या) सॉल्व्हरमध्ये दाबही घनतेने भागलेला येतो. पाण्यासाठी १०० दिसलं तर ते १०० पास्कल नसून १०० किलोपास्कल असतात.

राहिले रेसिड्युअल. समीकरणं त्या मेशवर, त्या बाउंड्री कंडिशनला किती जुळली, एवढंच ते सांगतात. वरचाच फ्रोझन रोटरचा रन इम्पेलर ३० अंश फिरवून पुन्हा लावा. रेसिड्युअल दोन्हीकडे तितकेच खाली येऊ शकतात आणि हेड (पंप पाणी किती उंच चढवू शकतो ते) वेगळं. रिपोर्टमध्ये त्यातलं कोणतं लिहायचं, तेवढं मेसेजवाल्याने कळवावं.