दहावे गुपित पुढच्या भागात

‘पोकेमॉन स्कार्लेट’ या व्हिडिओ गेममधला माझा फिनिझेन हा डॉल्फिनसारखा पोकेमॉन चाळिसाव्या लेव्हलच्या पुढे गेला तरी त्याची उत्क्रांती होण्याचे, म्हणजे तो पुढच्या रूपात बदलण्याचे चिन्ह दिसेना, म्हणून काल रात्री मी ‘नवख्यांना कोणीच न सांगितलेली दहा गुपिते’ या छापाचा एक व्हिडिओ उघडला. थंबनेलवर त्याच डॉल्फिनचे चित्र, त्याच्यावर रोखलेला लाल बाण आणि बाणाशेजारी जबडा वासलेला सादरकर्ता होता. त्यामुळे उत्तर आत असणार, असे मानायला पुरेशी जागा होती.

पहिली दोन मिनिटे ‘मित्रांनो, मित्रांनो’ यातच गेली. त्यानंतर कळले ते असे की, दमलेल्या पोकेमॉनला पोकेमॉन सेंटरमध्ये न्यावे, आगीच्या पोकेमॉनवर पाण्याचा मारा करावा आणि पोके बॉल भरपूर बाळगावेत. ही म्हणे गुपिते! भात करायला शिकवतो म्हणून घरी बोलवावे आणि तांदूळ पांढरा असतो एवढे सांगून परत पाठवावे, तसा हा प्रकार होता. मध्येच त्याच सुरात, त्याच श्वासात एका हेडफोनची जाहिरात सुरू झाली, जेणेकरून ती जाहिरात आहे हे लक्षात येईपर्यंत ती ऐकून झालेली असावी. नववे गुपित हे चॅनेलला सबस्क्राइब करण्याचे होते. अखेर सतराव्या मिनिटाला तो डॉल्फिन पडद्यावर आला, पार्श्वसंगीत चढले आणि सादरकर्त्याने हसतमुखाने सांगितले की, याची उत्क्रांती कशी करायची ते आपण पुढच्या भागात पाहू. पुढचा भाग मी शोधला. तो अस्तित्वातच नाही.

भाच्याला विचारले, तर त्याचे उत्तर एका ओळीत आले: ‘मामा, युनियन सर्कलमध्ये कोणाला तरी सोबत घे आणि मग लेव्हल वाढव, ३८ च्या पुढे कधीही होतो.’ (युनियन सर्कल म्हणजे इतर खेळाडूंसोबत मिळून खेळण्याची सोय.) एवढेच होते ते! श्वास न घेता सांगता येईल अशा या वाक्यासाठी सतरा मिनिटे, एक हेडफोन आणि तो जबडा मी सहन केला.

लेख लिहिणारेही काही निराळे नाहीत. गिमिगूल या पोकेमॉनच्या उत्क्रांतीला किती नाणी लागतात, एवढाच प्रश्न घेऊन जावे, तर आधी पोकेमॉनचा इतिहास, मग ‘गिमिगूल म्हणजे काय?’, मग ‘नाणी म्हणजे काय?’ आणि पाचव्या पडद्यावर ९९९ हा आकडा. गुपित फोडायचेच झाले, तर हीच मंडळी कथेचा शेवट मात्र शीर्षकातच फोडून मोकळी होतात.

माझा राग गुपितांवर नाही, हे मुद्दाम नोंदवतो. २००२ च्या ‘रुबी’ आणि ‘सफायर’ या पोकेमॉन खेळांमध्ये फीबास हा मासा रूट ११९ वरच्या नदीत केवळ सहा चौकटींत सापडत असे आणि ड्यूफर्ड गावातला चलतीचा शब्द बदलला की त्या सहा जागाही बदलत. हा छळच होता, पण तो कोणीतरी डोके चालवून रचलेला छळ होता. इनके या पोकेमॉनची उत्क्रांती ३० व्या लेव्हलनंतर कन्सोल उलटा धरूनच होते, हे कळल्यावर भर एसटीत मी तो डोक्याच्या उंचीवर उलटा धरला होता आणि शेजारच्या आजोबांनी काळजीच्या सुरात ‘बिघडला का?’ असे विचारले होते. अशा गुपितासाठी माणूस चारचौघांत हसे करून घ्यायलाही तयार होतो.

तसे पाहता, घराचे हप्ते भरणाऱ्या, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या इसमाने मध्यरात्री एका डॉल्फिनपायी दातओठ खावेत, हे दृश्य फारसे भारदस्त नाही. त्यातून भाच्याला सोबत घेऊन मी रीतसर उत्क्रांती केली, तेव्हा जो पॅलाफिन समोर आला तो हुबेहूब फिनिझेनसारखाच होता, फक्त छातीवर बदामाचा आकार उमटला होता. त्याचे वीररूप पाहायचे, तर त्याला लढाई चालू असताना माघारी बोलावून पुन्हा मैदानात उतरवावे लागते. हेही त्या दहा गुपितांत नव्हतेच.

सुरुवातीला खरोखर सांगण्यासारखे असते ते निराळेच असते. स्कार्लेटमध्ये कोणत्याही जिममध्ये, म्हणजे त्या-त्या गावच्या उस्तादाशी लढायच्या आखाड्यात, केव्हाही जाता येते, पण समोरच्याची लेव्हल तुमच्यानुसार बदलत नाही. कोर्तोन्दोच्या जिममध्ये ती १४-१५ आहे आणि ग्लासेआदोच्या बर्फातल्या जिममध्ये ४७-४८, त्यामुळे मोकळा नकाशा पाहून हुरळलेला नवखा डोंगर चढून जातो आणि सपाटून मार खातो. तो मार वाचवणारे वाक्य कोणत्याही लाल बाणाच्या टोकाला मला आजवर दिसलेले नाही.

शाळेत असताना आमच्या वर्गातला एक मुलगा शपथेवर सांगत असे की, पहिल्यावहिल्या पोकेमॉन खेळातल्या व्हर्मिलियन शहराच्या बंदरावरच्या ट्रकखाली म्यू हा दुर्मीळ पोकेमॉन दडलेला आहे. ट्रकखाली काहीही नव्हते. म्यू खेळाच्या पोटात होता खरा, मोरिमोतो या प्रोग्रामरने अखेरच्या घटकेला मोकळ्या झालेल्या जागेत तो घातला होता, पण त्याचा ट्रकशी काडीचा संबंध नव्हता. त्या मुलाने आम्हाला धडधडीत थाप मारली, परंतु ती त्याने मधल्या सुट्टीतल्या अर्ध्या मिनिटात मारली आणि तीही फुकट.