बारशाला कुठलं वऱ्हाड?

आज सकाळी बारशाची पत्रिका आली. गुलाबी पाळणा, फुगे आणि खाली ठळक अक्षरांत : 'सर्व वर्हाडी मंडळींनी वेळेवर यावे.' अहो, बाळ अजून पालथं पडत नाही आणि निघालं त्याचं वऱ्हाड!

वऱ्हाड लग्नाचंच. लग्नघर एका गावी, दुसरी बाजू आपलं गाव सोडून तिथं जाते, जानवशावर उतरते, ते वऱ्हाड. बहुतेक वेळा मुलाकडचं. लग्न मुलाच्या दारात लागणार असेल तर मुलीकडचं. त्यातला प्रत्येक जण वऱ्हाडी, बाई असेल तर वऱ्हाडीण. यजमानांचा शेजारी पहिल्या पंगतीला बसला तरी तो निमंत्रितच. आणि माणसं पन्नास असोत की पाचशे, 'वऱ्हाड आलं' असंच म्हणायचं. 'दोन वऱ्हाडं आली' म्हणजे कार्यालयात दोन लग्नं. (अकोला-अमरावतीकडचा माणूस बिनलग्नाचाही वऱ्हाडी असतो, ती गोष्ट वेगळी. तो बारशाला खुशाल येऊ दे.)

हल्ली दोन्ही पक्ष एकाच शहरातले, म्हणून हॉलमधल्या सगळ्यांनाच सरसकट वऱ्हाडी म्हणतात. बरं, चालवून घेऊ. पण निदान लग्न तरी हवं ना!

त्यात तो रफार. 'वर्हाडी' लिहिलं की आधीच्या 'व'वर आघात येतो. 'ऱ्ह'मध्ये तो येत नाही, म्हणून तिथं अर्धचंद्रासारखा आडवा र. 'आचाऱ्यांना शिधा द्या' याऐवजी 'आचार्यांना' लिहून बघा, स्वयंपाकघरात कोण जाईल? साधा र, हलन्त (पाय मोडायची खूण) आणि ह जोडला की कळफलक रफारच देणार. नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ घ्या. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे, मग डी, मग यू. तीन कळा! फुगे चिकटवायला याहून जास्त वेळ लागला असेल.

जाऊ दे. पत्रिका बहुधा आत्यानेच केली असणार, भाच्याच्या हौसेनं. घर माणसांनी भरावं असं वाटलं की लग्नातलाच शब्द आठवत असेल. तरी 'आप्तेष्ट' होता, 'पाहुणे' होते, नुसतं 'सर्वांनी यावे'सुद्धा शोभलं असतं.

आत्ता पुन्हा पत्रिका उघडली. 'वेळेवर यावे' म्हटलंय खरं, पण वेळ कुठेच दिलेली नाही.